पत्ते, पैसा आणि हाऊसीचं तिकीट



आपल्या मंडळात दिवाळीपासून एक बातमी फिरते आहे, की अमकी बाई या वयात मोबाइलवर पत्ते खेळायला शिकते आहे. बातमी खरी आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी, मागची आवराआवर झाली की मी ऑनलाइन ब्रिज शिकते. त्यावर जे जे बोललं गेलं ते माझ्यापर्यंत पोचलं आहे (नाशिक अजून तेवढं मोठं झालेलं नाही). त्यातलं अर्धं मला पटतं आणि अर्धं पटत नाही. तोंडातोंडी उत्तरं देत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

सगळ्यात थेट बोलल्या त्या माझ्या सासूबाई. "पत्ता तो पत्ता. सात कुव्यसनांत पहिलं नाव कुणाचं आहे, सांग."

पहिलं नाव द्यूताचंच आहे. मांस, मद्य त्याच्या मागून येतात. आपण सगळ्यांनी लहानपणी पाठशाळेत ही सात नावं म्हटली आहेत आणि त्यांचा त्याग केला आहे. तेव्हा कुणाला प्रश्न पडला नाही, कारण त्याच उन्हाळ्यात मामाच्या गच्चीवर बदाम सात, झब्बू, गुलामचोर, मेंढीकोट हे सगळं चालायचं आणि ते द्यूत आहे असं एकाही आजीला वाटायचं नाही. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला ये-जा करणारे आमच्या गल्लीतले काका मांडीवर ब्रीफकेस आडवी ठेवून कसाऱ्यापर्यंत पत्ते कुटायचे आणि चौमासीला पहिल्या रांगेत बसायचे. आजीच्या मनात रेघ स्पष्ट होती: पानं वाटली म्हणजे खेळ, पैसे लावले म्हणजे जुगार.

ही रेघ पुसली कुणी, तर मोबाइलवरच्या रमीने. म्हणून सासूबाईंचा संशय मला अनाठायी वाटत नाही. गेली काही वर्षं प्रत्येक क्रिकेट सामन्यात, प्रत्येक व्हिडिओच्या आधी कुणी ना कुणी नट हसत हसत सांगत होता, की रमी हा कौशल्याचा खेळ आहे. शेवटी एक वाक्य इतक्या घाईत वाचलं जायचं की कळू नये: यात आर्थिक जोखीम आहे, सवय लागू शकते. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर बरं, ते निदान चष्मा लावून वाचता येतं.

कौशल्याची ही गोष्ट आली कुठून ते मी मुद्दाम शोधलं. १९६७ साली सुप्रीम कोर्टाने आंध्र प्रदेश सरकार विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात निकाल दिला. सिकंदराबादच्या एका क्लबात रमी चालायची, तिथे पोलिसांनी धाड घातली होती. कोर्ट म्हणालं, रमी तीन पत्तीसारखी निव्वळ नशिबाची नाही. पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, कुठलं धरायचं आणि कुठलं टाकायचं हे ठरवावं लागतं, म्हणून ती मुख्यतः कौशल्याची. नशीब आहे ते ब्रिजमध्ये पानं वाटताना असतं तेवढंच. जाहिरातवाल्यांनी एवढं उचललं. त्याच निकालात पुढे असंही आहे, की पैसे लावून चाललेल्या खेळातून जागेचा मालक नफा कमावत असेल तर गुन्हा होऊ शकतो. ते मात्र एकाही नटाने वाचून दाखवलं नाही.

आता मोबाइलवरच्या रमीचा हिशेब बघा. तेरा पानं. दोन सिक्वेन्स लागतात, त्यातला एक जोकरशिवाय. हरलात तर हातातल्या पानांचे गुण मोजायचे, जास्तीत जास्त ८०. सुरुवातीलाच पानं टाकली तर २०, मधे सोडलं तर ४०. गुणाला एक रुपया धरला तर एका डावात ८० रुपये जाऊ शकतात, आणि डाव काही मिनिटांत संपतो. भाजी शिजेपर्यंत तीन डाव होतात. कुणीही जिंको, प्रत्येक डावातून अॅपचा वाटा आधी बाजूला निघतो. म्हणजे खेळणाऱ्या सगळ्या मिळून कायम तोट्यात, आणि न खेळणारा एकटा कायम नफ्यात. व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या आपल्यासारख्या बायकांना हे गणित समजायला कोर्ट कशाला हवं?

तरी फसतात. माझ्या ओळखीतल्या एकीचं सांगते. नाव, गाव, नातं काही सांगत नाही, आणि कृपा करून अंदाज बांधू नका. चौविहार पाळणारं घर. सूर्यास्ताआधी स्वयंपाकघर बंद, म्हणजे रात्रीचे तीन तास मोकळे. नवरा दुकानाच्या हिशेबात, मुलगा क्लासला. फुकटच्या टेबलावर शिकली, हुशार होतीच, आठवडाभरात सातशे रुपये जिंकले. आयुष्यात पहिल्यांदा स्वतः मिळवलेले पैसे, ज्यांचा हिशेब कुणाला द्यायचा नव्हता. मला तिच्या बोलण्यात सगळ्यात लागलं ते हेच वाक्य. पुढचं तुम्ही ओळखालच: घरखर्चातले, मग भिशीचे, मग मुलाच्या फीचे. घरात कळलं तेव्हा सगळे एकच म्हणाले, पत्त्यांनी घात केला. तिला तीन मोकळे तास आणि हातात हक्काचा एकही रुपया नाही, याबद्दल कुणी काही बोललं नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये हे सगळं कायद्याने बंद झालं. नेमकं पर्युषणाच्या सुमारास. २० तारखेला लोकसभेत विधेयक मंजूर, २१ला राज्यसभेत, २२ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा वादच कायद्याने बाजूला ठेवला. पैसे लावले की बंद. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे मला फार बरं वाटलं, कारण त्या बाईसारख्या कितीतरी जणी नाहीतर आणखी दडून बसल्या असत्या. कंपन्या कोर्टात गेल्या आहेत, ते चालू राहील.

त्याच्या महिनाभर आधी आपल्या सिन्नरचे आमदार, तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांचा विधिमंडळातला व्हिडिओ सगळ्या महाराष्ट्राने पाहिला. मोबाइलवर रमी दिसत होती. ते म्हणाले, आपण खेळत नव्हतो, समोर आलेली जाहिरात बंद करत होतो. पुढे त्यांच्याकडचं कृषी खातं काढून क्रीडा खातं दिलं, त्यावरचे विनोद तुमच्याही व्हॉट्सअॅपवर आले असतील. त्यांचं खरं-खोटं मी ठरवणार नाही. पण एक गोष्ट त्या दिवसांत घरोघरी झाली: मोबाइल हातात धरलेल्या प्रत्येक माणसाकडे लोक संशयाने बघू लागले. माझी भाची क्लासचं वेळापत्रक बघत होती, तर तिच्या आजोबांनी विचारलं, "रमी का गं?"

या सगळ्या धुरळ्यात मी पत्ते शिकायला घेतले. का, ते सांगते.

ब्रिज हा मेंढीकोटाचा थोरला भाऊ आहे. चौघी, समोरासमोरच्या दोघी भिडू, प्रत्येकीला तेरा पानं, हुकूम, उतारी, हात करणं, रंग नसला तर हुकमाने मारणं. हे तुम्हाला येतं. मेंढीकोट येणाऱ्या बाईला अर्धं ब्रिज येतं असं मी बेधडक सांगते. उरलेलं अर्धं म्हणजे बोली, आणि तिथे नवख्यांचा घाम निघतो. पानं खेळायच्या आधी भिडूला सांगायचं असतं की आपल्या हातात काय आहे, पण बोलून नाही. बोलायला फक्त आकडा आणि रंग. "एक इस्पिक" म्हणजे सहावर एक, असे सात हात करीन, हुकूम इस्पिक. एक्क्याला ४ गुण, राजाला ३, राणीला २, गुलामाला १. सगळ्या बावन्न पानांत मिळून ४०. हातात बाराएक असले की बोली उघडायची, दोघींचे मिळून पंचवीसच्या आसपास असले की मोठ्या कराराकडे जायचं. मग बोली जिंकणारीची भिडू आपली तेरा पानं टेबलावर उघडी मांडून गप्प बसते. तिला डमी म्हणतात. संसारात बरीच वर्षं डमी राहिलेल्या बायकांना हे जड जात नाही, असा आमच्याकडे विनोद आहे.

पण मला खरी ओढ लागली ती दुसऱ्याच गोष्टीची. ब्रिजच्या स्पर्धेत तीच वाटलेली पानं वेगवेगळ्या टेबलांवर खेळायला देतात. म्हणजे तुमच्या हातात आलेली रद्दी पानं दुसऱ्या टेबलावर त्याच जागी बसलेल्या बाईच्या हातातही तीच. शेवटी तुलना होते ती तुमची विरोधकांशी नाही, तर त्याच पानांवर इतरांनी काय केलं याच्याशी. चांगली पानं आली म्हणून कुणी जिंकत नाही आणि वाईट आली म्हणून हरत नाही. बावन्न पानांतून तेरा पानांचे हात किती प्रकारे येऊ शकतात माहीत आहे? ६३ हजार ५०१ कोटींहून जास्त. त्यातला कुठला येईल ते आपल्या हातात नाही. आलेल्या हाताचं काय करायचं ते आहे. उदय आणि पुरुषार्थ हे दोन शब्द मी प्रवचनात शेकडो वेळा ऐकले आहेत. मंगळवारी दुपारी हातात दोन गुण आणि समोर भिडूची बोली असताना ते जरा जास्त जवळचे वाटतात. (हे मी सासूबाईंना बोलले नाही. खेळाला शास्त्राचा मुलामा दिला असं त्या म्हणाल्या असत्या, आणि त्यांचं अगदीच चूक नसतं.)

ऑनलाइन कुठे, हे बऱ्याच जणींनी विचारलं. ब्रिज बेस ऑनलाइन नावाची जुनी जागा आहे, तिथे पैसे न भरता खेळता येतं. आपलं टेबल करून फक्त ओळखीच्या बायकांना बसवता येतं. काही स्पर्धांना प्रवेशशुल्क असतं, तिकडे मी जात नाही.

हा म्हाताऱ्यांचा वेळकाढूपणा आहे असंही एकीने सुनावलं. २०१८च्या जकार्ता आशियाई खेळांत ब्रिज पहिल्यांदा आलं. तिथे प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार या जोडीने सुवर्णपदक घेतलं, वयं ६० आणि ५६. मिश्र संघाला कांस्य मिळालं, त्यात किरण नाडर आणि मुंबईच्या हेमा देवरा होत्या, दोघी सदुसष्टच्या. धावायच्या शर्यतीत या वयाला बाकावर बसवतात. इथे पदक देतात.

आता सासूबाईंचा दुसरा प्रश्न, जो पहिल्यापेक्षा अवघड आहे. पैसे नाहीत हे ऐकून त्या म्हणाल्या, "पैसे नाहीत म्हणून काय झालं? वेळ जात नाही का? मन जात नाही का?"

याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. श्रावकाच्या बारा व्रतांतलं आठवं व्रत अनर्थदंड विरमण. ज्याचा काही उपयोग नाही अशा गोष्टीत मन, वाणी, काया गुंतवू नये. त्याच्या प्रकारांत अपध्यान आहे, प्रमादाचरण आहे. ब्रिज त्यात बसतं का? कडक मापाने बसतं. त्याच मापाने रात्री साडेआठची मालिका बसते, रील्स बसतात, लग्नात कुणी किती तोळे घातले याची चर्चा तर पुरेपूर बसते. पण दुसऱ्यांची यादी वाचून आपलं माप कमी होत नाही, हे मलाही कळतं. स्मरणशक्ती वाढते, मेंदू तल्लख राहतो, असली कारणं मी पुढे करणार नाही. मला खेळायला आवडतं म्हणून मी खेळते.

आणि मन जातं, हेही खरं. पैसे नसले तरी मान असतो. लॉकडाउनच्या काळात जगातलं सगळं ब्रिज ऑनलाइन गेलं, तेव्हा मोठमोठे, नाव कमावलेले खेळाडू दुसऱ्या खात्याने लपून विरोधकांची पानं बघताना सापडले. काहींनी स्वतःहून कबूलही केलं. म्हणजे रुपया काढून घेतला तरी कषाय जागेवर असतात. नवख्यांच्या टेबलावरही ते दिसतं. भिडूने चुकीचं पान टाकलं की बायकांचे आवाज कसे बदलतात, ते एकदा ऐका. आम्ही म्हणून एक नियम केला आहे: डाव चालू असताना फोन नाही, व्हॉट्सअॅप नाही. भिडूला बोलीबाहेर काही कळवणं ही चोरीच आहे, तिसऱ्या अणुव्रतातली. आणि आपल्या बोलीचा अर्थ विरोधकांनी विचारला तर खरा सांगायचा, हा तर खेळाचाच नियम आहे. रमीच्या अॅपवर समोर कोण बसलंय याचाही पत्ता नसायचा.

वेळेची मर्यादा मी आपल्याच घरातून घेतली. ४८ मिनिटं. एका डावाला सातआठ मिनिटं लागतात, सहा डाव होतात, बास. यासाठी सामायिकाची रेतघडी मात्र वापरत नाही, ते बरं दिसत नाही. मोबाइलचा गजर लावते. आणि आठव्या व्रतानंतर नववं सामायिकाचं येतं, तसं त्या दिवशी सामायिक आधी, पत्ते मग. सामायिक राहिलं तर पत्तेही राहिले. हे व्रत नाही, माझी घरगुती शिस्त आहे. कुणाला सैल वाटेल, कुणाला कडक.

टेबलावर कोण बसणार याचाही विचार केला. वर जिच्याबद्दल लिहिलं, तिने मला विचारलं होतं, मी येऊ का. मी नाही म्हटलं. तिला राग आला असेल. पण पानं हातात आली की तिची बोटं कशी हलतात हे मी पाहिलं आहे, आणि तिच्यापुरतं सासूबाईंचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे: पत्ता तो पत्ता. पैशाचा असो की बिनपैशाचा. तिच्याबरोबर मी बुधवारी म्हसरूळला गजपंथाच्या पायऱ्या चढते. हल्ली ती साड्यांना फॉल-पिको करून देते, आणि त्याचे पैसे ती स्वतःच्या खात्यात ठेवते, याबद्दल तिच्या नवऱ्याशी बोलणं झालं आहे. त्याने ऐकलं, हे नमूद करते.

आता मला जे खरं बोलायचं होतं ते. माझ्या बिनपैशाच्या ब्रिजवर मंडळात चर्चा झाली. त्याच मंडळाच्या दर कार्यक्रमात हाऊसी असते. तिकीट पन्नास रुपये, दुसरं घेतलं तर चाळीसला. जल्दी पाच, चार कोपरे, पहिली ओळ, फुल हाऊस. आकडे पिशवीतून निघतात, खेळणारीने करायचं काय, तर खुणा. पैसे लावलेले, निकाल निव्वळ नशिबावर, आणि जिंकणारीला बाकीच्यांच्या पैशातून बक्षीस. द्यूताची व्याख्या कुणी लहान मुलाला शिकवायची ठरवली तर याहून सोपं उदाहरण सापडणार नाही. आणि आपण ते मुलांना बाजूला बसवून खेळतो, कधी कधी तर धार्मिक प्रश्नमंजूषा संपल्यावर लगेच, त्याच स्टेजवर.

रक्कम किरकोळ आहे, गंमत आहे, सगळ्यांना माहीत आहे. पण मग मोबाइल हातात घेतलेल्या बाईला सात कुव्यसनं मोजून दाखवताना ही गंमत आपल्याला का आठवत नाही? मला वाटतं, कारण हाऊसी सगळ्यांसमोर असते आणि मोबाइल एकटीचा असतो. एकटीने काही शिकणारी बाई अजूनही आपल्याला थोडी खुपते. ती शिकते काय, पैसे लावते का, किती वेळ बसते, हे विचारायच्या आधीच तिचा निकाल लागलेला असतो.

मंडळाच्या अध्यक्षा बाईंकडे मी गेल्या आठवड्यात एक मागणी केली आहे. महावीर जयंतीच्या कार्यक्रमात हाऊसी ठेवायचीच असेल तर तिकीट बिनपैशाचं ठेवा आणि बक्षिसं मंडळाच्या निधीतून द्या. त्या म्हणाल्या, "अहो, पैसे नसतील तर बायका थांबणारच नाहीत, प्रश्नमंजूषा संपली की निघतील." मी म्हटलं, एकदा करून बघू या, मोजू या किती थांबतात. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही.